रोटासकट एक लाख चार हजार सातशे एकोणतीस

जिबअंबाच्या डोंगरावर मिकाएलच्या देवळामागं गवताच्या झोपड्या आहेत. त्या झोपड्यांत राहून, भीक मागून, कुत्र्यांचे चावे सोसून जे शिकले, त्यांतले किती तरी जण आज गावोगावच्या देवळांत मेरीगेता आहेत. मेरीगेता म्हणजे देवळाचा मुख्य गुरू. तो सणाला पुढं उभा राहतो, आणि उपवास कधी धरायचा, ईस्टर कधी येणार, हे तो सांगेल तसं गाव वागतं. तिरुनेह मात्र कुणीच झाला नाही. हिशेबात त्या डोंगरावर त्याच्या पासंगालाही पुरेल असा माणूस नव्हता, हे त्याला हसणारेसुद्धा कबूल करत. हसता हसता करत, एवढंच.

तो मूळचा वेंकाचा. बाप लवकर गेला. आई वुदनेशनं डोकं भादरून टोपी घातली आणि ती एमाहोय झाली, म्हणजे देवाला वाहिलेली बाई. वेंकाच्या मरियमच्या देवळातला जुना मेरीगेता वारला, तेव्हा गावच्या म्हाताऱ्यांनी ठरवलं, वुदनेशचा मुलगा जिबअंबाला शिकतोय, तो येईपर्यंत जागा रिकामी ठेवू. तोवर ईस्टर कधी ते विचारायला शेजारच्या गावी माणूस धाडावा लागे. शेजारचे लोक दर वर्षी त्या माणसाला ताक पाजत आणि विचारत, "काय हो, तुमच्याकडं एक ते एकोणीस मोजणारं कुणीच जन्मलं नाही का?" वेंकाला हे झोंबायचं. पण घाई करून उपयोग नव्हता. गुरूनं डोक्यावर हात ठेवल्याशिवाय शिष्याला कुठंही गुरू म्हणून उभं राहता येत नाही. विद्या कितीही असो, हात मिळाला नसेल तर लोक तिला चोरीचा माल समजतात.

तिरुनेहच्या डोक्यावर हात ठेवायचा होता तो येनेता किन्फूंनी. येनेता म्हणजे 'माझे गुरुजी'. सगळा डोंगर त्यांना याच नावानं ओळखे. येनेता मारत नसत. मारणारे गुरू परवडले, कारण वळ दोन दिवसांत जातात. येनेता एखाद्याला सगळ्यांसमोर असं काही बोलत की ते त्याला आयुष्यभर चिकटे. एका विद्यार्थ्याला प्रार्थना म्हणताना एकदा ढेकर आली. पुढं तो कुठल्याशा मोठ्या देवळाचा प्रमुख झाला, तरी जिबअंबाला त्याचं नाव ढेकरच.

येनेतांची विद्या म्हणजे जगाच्या वर्षांचा हिशेब. जग निर्माण झाल्यापासून किती वर्षं झाली तो मोठा आकडा घ्यायचा आणि एकोणिसांनी वाटायचा, कारण एकोणीस वर्षांनी चंद्र फिरून त्याच तारखांना येतो. जे उरतं त्यावरून सगळे उपवास आणि सण निघतात. पण वाटायच्या आधी एक काढून टाकायचा. चालू वर्ष अजून पुरं झालेलं नसतं, म्हणून त्याचा एक बाजूला. "चालत्याचा एक काढ," हे विद्यार्थ्याच्या कानावर पडणारं पहिलं वाक्य, आणि झोपेतून उठवलं तरी तोंडातून येणारंही तेच. येनेतांनी तर आयुष्यभर इतके एक काढले होते की समोर कसलाही आकडा आला, कोंबड्यांचा का असेना, त्यांच्या ओठांतून आधी एक निघून जाई.

सगळं बिनसलं ते नव्या वर्षाच्या सणाला. डोंगरभर पिवळी फुलं आली होती, देवळाच्या आवारात चार गावची माणसं जमली होती आणि देरेसे नावाच्या जमीनदारानं विद्यार्थ्यांसाठी जाडजूड रोट भाजून आणले होते. टोपल्या ठेवल्यावर त्याला गंमत करायची लहर आली.

"येनेता, शहाण्णव रोट आहेत. तुमची पोरं किती?"

"एकोणीस."

"मग हात न लावता सांगा, एकेकाला किती आणि उरतील किती?"

येनेतांनी डोळे मिटले. "चालत्याचा एक काढला, पंचाण्णव. एकोणिसांना पाच-पाच. उरत काही नाही."

वाटप झालं. टोपलीत एक रोट राहिला. देरेसेनं टोपली तिरकी करून चार गावांना दाखवली. "हा कुणाचा मग?"

कुणीही गप्प बसलं असतं. येनेतांनी काहीतरी बोलून वेळ मारून नेली असती आणि रोट एखाद्या भिकाऱ्याला गेला असता. पण तिरुनेहला चुकलेला हिशेब दिसला की त्याच्यानं राहवत नसे. दुसऱ्याच्या डोळ्यात कुसळ गेलं तरी हा आपला डोळा चोळायचा. तो अगदी सरळ मनानं बोलून गेला, "येनेता, वर्षातला एक काढतात, कारण ते वर्ष अजून कच्चं असतं. हा रोट तर चांगला भाजलाय."

आधी देरेसे हसला, मग चारी गावं हसली. बायका उपरणी तोंडावर धरून हसल्या. येनेताही हसले. तिरुनेहला वाटलं, गुरुजींनी गोड मानून घेतलं. अशा माणसाला काय म्हणावं!

दुसऱ्या दिवशी पाठ सुरू होण्याआधी येनेतांनी त्याला पुढं बोलावलं. "चणे घे आणि बस. ख्रिस्तजन्माच्या आधीची वर्षं किती?"

"पाच हजार पाचशे, येनेता."

"प्रेषित किती? मिळव त्यात."

"बारा. पाच हजार पाचशे बारा."

"एकोणिसांनी गुण."

तिरुनेहनं जमिनीतल्या खळग्यांत चणे मांडले. एकीकडं एकोणीस अर्धा-अर्धा करत आणला, दुसरीकडं मोठा आकडा दुप्पट-दुप्पट करत नेला, आणि जिथं अर्ध्या बाजूला विषम पडलं होतं तिथले दुप्पट गोळा केले. "एक लाख चार हजार सातशे अठ्ठावीस."

"छान. आता त्यावर तुझा रोट ठेव."

तिरुनेहनं एक चणा वाढवला. "एकोणतीस."

"चांगला भाजलेला आहे ना? मग काढायचा नाही. हा आकडा मला रोटासकट वाटून आण. माणसं दोन घे, दोनशे घे, किती घ्यायची ते तू ठरव. सगळ्यांना सारखा वाटा, आणि खाली दाणा उरता कामा नये. एकट्यालाच सगळं देऊन मोकळा होऊ नकोस आणि जितके दाणे तितकी माणसंही आणू नकोस, तेवढं गाढवालाही कळतं. ज्या दिवशी वाटून आणशील त्या दिवशी तुझ्या डोक्यावर हात ठेवीन. त्याच्या आधी नाही."

मागं बसलेल्यांत खसखस पिकली. रोट काढला असता तर एकोणीस जणांत तो आकडा हां हां म्हणता वाटला जात होता, हे सगळ्यांनी आत्ताच पाहिलं होतं. तिरुनेहला वाटलं, आठ-दहा दिवसांचं काम. त्यानं वेंकाला निरोपसुद्धा धाडला की येतोच.

पण आकडा मोठा चेंगट निघाला. दोघांत वाटला तर एक उरे. एकोणीस जणांत वाटला तर एक उरे. तेरा जणांत एक, त्रेपन्न जणांत एक. तीस जणांत वाटावा तर एकोणतीस उरत, म्हणजे एक कमी पडे. कुठं एक जास्त, कुठं एक कमी, जवळ येऊन हातावर तुरी देऊन जायचा. अकरा माणसं घेतली तर नऊ उरले, सतरा घेतली तरी नऊच. तिरुनेह सकाळी भीक मागून यायचा, मिळालेलं खायचा आणि झोपडीमागच्या खळग्यांपाशी जाऊन बसायचा. माणसं वाढवत न्यायची, त्यांचा आकडा दुप्पट-दुप्पट करत वर चढायचं, मग मोठ्यापासून वजा करत खाली यायचं. एकेका आकड्याला चार-पाच दिवस जात, आणि मध्ये पाऊस आला की सगळं मोडून पुन्हा पहिल्यापासून. यात एक वर्ष गेलं आणि दुसरंही.

डोंगरानं त्याचं नाव रोट ठेवलं. खाली गावात भीक मागायला गेला की बायका दारातूनच विचारत, "काय रोट, वाटला का?" आणि इंजेराच्या भाकरीचा तुकडा त्याच्या हातात देण्याआधी मोडून म्हणत, "हा घे, आम्हाला बघ दोघांत वाटता आला." पोरं त्याच्या मागं कुत्री सोडत. मेंढीच्या कातड्याचं त्याचं पांघरूण चिरफाळ्या झालं होतं आणि पोटरीवर एक जखम कायमची ओली असे. बरोबरीचे विद्यार्थी एकेक करून हात घेऊन गेले. जाताना भेटायला येत आणि म्हणत, "तिरुनेह, तू नसतास तर मला हा हिशेब कधी जमला नसता." खरंच जमला नसता. आणि मग डोंगर उतरून जात.

बिरेसाव मात्र गेला नाही. हा बिरेसाव हिशेबात दगड, पण येनेतांचे पाय चेपण्यात, त्यांची काठी धरण्यात, त्यांच्या प्रत्येक बोलण्यावर आधी हसण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. एकदा तिरुनेह दोनशे त्र्याऐंशी माणसं घेऊन बसला होता. वाटप संपलं होतं, खळग्यांत काही उरलंय का ते बघायचं तेवढं राहिलं होतं. तो पाणी आणायला झऱ्यावर गेला, तेवढ्यात बिरेसावनं उरलेले चणे उचलले आणि खाऊन टाकले. तिरुनेह परत आला तर खळगे रिकामे. खाली दाणा नाही!  तो ओरडत सुटला, "वाटला! येनेता, वाटला! दोनशे त्र्याऐंशी!" पाठ चालू होता तिथं जाऊन त्यानं येनेतांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि हुंदके देऊ लागला.

येनेतांनी शांतपणे सांगितलं, "मांड बघू माझ्यासमोर." तिरुनेहनं मांडला. दोनशे त्र्याऐंशी जणांना तीनशे सत्तर-तीनशे सत्तर. खाली एकोणीस उरले. त्यानं पुन्हा मांडला. एकोणीसच. मागं पोरं आपल्या पांघरायच्या कातड्यांत तोंड खुपसून गुदमरत होती आणि बिरेसाव तर जमिनीवर लोळायचा बाकी होता. येनेतांना काय झालं ते कळलं असणार, ते काही खुळे नव्हते. पण त्यांनी बिरेसावला शब्दानं विचारलं नाही. "एकोणीस दाणे उरलेत," ते म्हणाले, "या रे, एकेक उचला. आज आपल्या रोटकडून जेवण आहे." पोरं रांगेनं आली आणि त्याच्यासमोरचा एकेक चणा तोंडात टाकून, "देव भलं करो," म्हणून गेली. तिरुनेह खळग्यांकडं बघत बसून राहिला.

दर वर्षी कापणी झाली की वेंकाहून माणसं येत. पुढं म्हातारे पुजारी अब्बा तेस्सेमा, मागं दोन-तीन शेतकरी आणि सगळ्यांच्या मागं एमाहोय वुदनेश, पाठीवर मुलासाठी भाजलेल्या जवाच्या दाण्यांचं गाठोडं घेऊन. अब्बा विचारत, "झालं का?" येनेता सांगत, "त्यालाच विचारा. त्याच्या हातात आहे." आणि माणसं परत जात. गावात वुदनेशला ऐकून घ्यावं लागे. पाणवठ्यावर बायका म्हणत, "मुलगा काय करतो गं तुझा? अजून रोटच वाटतोय? मग आमच्याकडं लग्नात वाढायला पाठव त्याला." ती हे मुलाला कधी सांगत नसे. पण बरोबरचे शेतकरी सांगत, तेही हसत.

आणि मग एका दुपारी तिरुनेहला ते कळलं.

तो तीनशे तेवीस माणसांपर्यंत आला होता. प्रत्येकाला तीनशे चोवीस आले आणि वर सत्त्याहत्तर उरले. पुढं तीनशे चोवीस माणसं घेतली, तर प्रत्येकाला तीनशे तेवीस आणि वर तेच सत्त्याहत्तर. तो त्या चण्यांकडं बघत राहिला. इथपर्यंत माणसं वाढत होती आणि वाटा कमी होत होता. इथं दोघांची गाठ पडून त्यांनी जागा बदलली होती. इथून पुढं कितीही माणसं घेतली तरी वाटा तीनशे तेवीस किंवा त्याहून लहान येणार. तो वाटा नीट पुरा बसणार असता, तर तेवढीच माणसं घेऊन आधीच पुरा बसला असता. आणि त्या सगळ्या लहान आकड्यांना तर त्यानं एकेक करून तपासलं होतं! म्हणजे पुढं जायची गरजच नव्हती. हा आकडा कुणाला वाटताच येत नव्हता. जगात कुणालाच नाही, राजालाही नाही. इतकी वर्षं तो नसलेल्याला शोधत होता, आणि ते नाही हे आता त्याला पुरतं ठाऊक झालं होतं. त्याला इतका आनंद झाला की त्यानं उरलेले सत्त्याहत्तर चणे ओंजळीत घेतले आणि झोपडीभोवतीच्या कोंबड्यांना टाकून दिले.

येनेतांपुढं उभा राहून तो म्हणाला, "येनेता, तो आकडा वाटला जात नाही."

"मग जा आणि वाट."

"तसं नाही, येनेता. तो कुणालाच वाटता येणार नाही. मी तीनशे तेवीसपर्यंत सगळे बघितले. त्याच्या पुढं..."

"त्याच्या पुढं आकडे संपतात का?"

"नाही, येनेता. पण..."

"ते सगळे तपासलेस?"

"तपासायची गरज नाही. वाटा लहान होतो, आणि लहान सगळे..."

"म्हणजे तपासले नाहीस." येनेतांनी पोरांकडं पाहिलं. "ऐकलंत ना? मी याला वाटणारा आणायला सांगितला, हा नसलेला घेऊन आलाय. उद्या याला पाण्याला पाठवलं तर रिकामा घडा आणून सांगेल, येनेता, झऱ्यात पाणी नाही हे मी नीट तपासलंय."

पोरं हसली. तिरुनेह पुन्हा समजावू लागला, हातांनी, बोटांनी, जमिनीवर रेघा मारून. तो जितका नीट समजावे तितकी ती जास्त हसत. त्यांतल्या दोघांना तरी ते कळलं होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण येनेता हसत होते ना. मग ती पोरंही हसली.

त्या संध्याकाळी बिरेसाव त्याच्या झोपडीशी येऊन बसला. "तिरुनेह, तू शहाणा आहेस की खुळा, मला कळत नाही. म्हाताऱ्याला काय पाहिजे ते तुला खरंच समजत नाही? जा आणि म्हण, येनेता, माझं चुकलं, चालत्याचा एक नेहमीच काढायचा, वर्षातूनही आणि रोटांतूनही. एक काढला की झालं की रे. आत्ताच्या आत्ता हात मिळेल."

"पण ते खरं नाही."

"खरं नाही तर नाही. एका चण्यानं तुझं काय अडलंय?"

"तो काढला तर आकडाच दुसरा होतो, बिरेसाव."

"मग बस घेऊन," बिरेसाव म्हणाला आणि येनेतांचे पाय चेपायला निघून गेला.

तिरुनेह बसला घेऊन. दाढी पांढरी होऊ लागली, समोरचे दोन दात गेले. नवीन आलेल्या पोरांना त्याचं खरं नाव ठाऊकही नसे. पण एका गोष्टीत तो हलला नाही. कुणी विचारलं तर तो सांगे, "वाटला जात नाही." दरवेळी तेवढंच. मला विचाराल तर त्या डोंगरावर एवढी ताठ मान दुसऱ्या कुणाची नव्हती, आणि तिची कुणाला कवडीची किंमत नव्हती.

शेवटी येनेता अंथरुणाला खिळले. दिवसा पोरं त्यांची खाट उन्हात आणून ठेवत. आता आशीर्वाद देणं तेवढं राहिलंय, असं त्यांनीच सांगितलं होतं, आणि गावोगावची माणसं येऊन जात होती. वेंकाहूनही आली. या खेपेला त्यांनी खेचर आणलं होतं, लाल गोंडे लावलेलं, वर नवं खोगीर. अब्बा तेस्सेमा तिरुनेहला बाजूला घेऊन म्हणाले, "लेका, गाव थकलं आता. आज कुणाला तरी या खेचरावर बसवून न्यायचंय. तूच बसावंस असं आम्हाला वाटतं. पण रिकामं खेचर परत न्यायचं नाही, असं ठरवून आलोय."

आई झोपडीशी थांबली होती. तिला आता नीट दिसत नसे. तिनं मुलाचा चेहरा हातांनी चाचपला, गालांची हाडं, पडलेल्या दातांची जागा. "काढ की रे तो एक," ती म्हणाली. "एका दाण्यानं कुणाचं पोट भरतं, बाळा?"

"आई, तुला ते कळायचं नाही."

"नाही कळत. मला एवढंच कळतं की मी मरायच्या आत तुला मरियमच्या देवळात पुढं उभा बघायचंय. आणि माझे डोळे चाललेत. इतकी वर्षं मी तुझ्याकडं काही मागितलं नाही. आज मागते. काढ."

 तिरुनेह तिचा हात धरून खाटेकडं गेला.

आवारात बरीच माणसं होती. येनेतांचा उजवा हात चादरीबाहेर होता, आशीर्वादासाठीच ठेवलेला. तिरुनेह गुडघे टेकून बसला आणि त्यानं डोकं वाकवलं.

"कोण? रोट?" येनेतांचा आवाज बारीक झाला होता, पण धार तीच होती. "बोल. काय म्हणतो तुझा आकडा?"

तिरुनेहनं डोकं आणखी खाली नेलं. "येनेता, चालत्याचा एक काढायचा असतो."

"नेहमी?"

"नेहमी, येनेता."

"आणि रोट असले तर?"

"रोटांतूनही काढायचा. माझं चुकलं होतं. एक काढला की एकोणीस जणांत वाटला जातो. उरत काही नाही."

आवारात सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. अब्बा तेस्सेमांनी क्रूसाची खूण केली. वुदनेशनं आनंदाची किलकारी द्यायला पदर सावरून हात तोंडाशी नेला.

येनेतांनी डोळे उघडले. "तिरुनेह," ते म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांनी पहिल्यांदा त्याचं नाव घेतलं. "तो आकडा वाटला जात नाही. तुला द्यायच्या कितीतरी वर्षं आधी मी स्वतः त्यावर चणे घेऊन बसलो होतो, मला तेव्हाच दिसलं. तू तीनशे तेवीसचं सांगितलंस तेही बरोबर होतं. मी बघत होतो, तू खरं किती दिवस धरून राहतोस. आज हात ठेवायचाच म्हणून मी तो बाहेर काढून ठेवला होता. आणि आज तू खोटं बोललास. एका खेचरासाठी जो खोटा हिशेब सांगतो, त्याच्या हाती मी वेंकाचा ईस्टर देऊ?" आणि त्यांनी हात ओढून चादरीत घेतला.

हे ऐकून कित्येकांनी माना डोलावल्या. काय गुरू, काय परीक्षा, असंही कुणी कुजबुजलं. झक मारली त्या परीक्षेनं! तिरुनेह त्या दिवशी ताठ राहिला असता, तर याच म्हाताऱ्यानं त्याला गर्विष्ठ ठरवून हात आत घेतला असता, आणि त्यावरही याच माना डोलल्या असत्या. म्हाताऱ्याला एकदा एका रोटापायी चार गावं हसली होती. त्याचं सगळं तत्त्वज्ञान एवढंच होतं.

तिरुनेह वाकूनच राहिला. उठ असं त्याला कुणी म्हटलं नव्हतं.

अब्बा तेस्सेमांनी खाकरून घसा साफ केला. "येनेता, मग आम्ही काय करायचं? खेचर आणलंय."

"बिरेसाव आहे की," येनेता म्हणाले आणि हात पुन्हा बाहेर काढला.

बिरेसाव इतक्या घाईनं पुढं आला की त्याचा पाय तिरुनेहच्या पायावर पडला. डोक्यावर हात ठेवला गेला, आशीर्वादाचे शब्द झाले. नव्या मेरीगेताला त्याच्या गावच्या बायकांनी किलकारी देऊन न्यायचं, अशी रीत आहे. वेंकाहून आलेल्यांत बाई एकच होती. सगळे तिच्याकडं बघू लागले. अब्बांनी हळूच म्हटलं, "एमाहोय." वुदनेशनं हात तोंडाशी नेला आणि किलकारी दिली. ती मध्येच चिरकली, तेव्हा दम घेऊन तिनं ती पुरी केली.

बिरेसाव खेचरावर बसला. खोगीर नवं, ते खराब होऊ नये म्हणून त्याचं सामान खेचरावर ठेवायचं नाही असं ठरलं. अब्बा म्हातारे, शेतकऱ्यांच्या हातात भाले आणि पाण्याचे भोपळे. उन्हं कलायच्या आत रान ओलांडायला हवं होतं, आणि रानात तरस, तेव्हा वुदनेशला मागं राहून चालणार नव्हतं. बिरेसावचं गाठोडं तिच्याकडं आलं. तिला गाठ दिसेना, ती नुसतीच दोरीची टोकं चाचपत राहिली. तेव्हा तिरुनेह जमिनीवरून उठला, तिच्या मागं गेला, आणि त्यानं ते गाठोडं आईच्या पाठीला नीट बांधून दिलं.